बारा तासांचं घड्याळ

केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी निर्देश काढले: सलग ड्युटी शक्यतो १२ तासांहून जास्त नको, आठवड्याला साधारण ४८ तास. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत ते आजही कसोशीने पाळले जातात. घड्याळावर आकडे बाराच. ते संपले की पुन्हा एकपासून मोजायचं.

मेडिसिनचा जेआर-वन, पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, म्हणजे नीट-पीजीची चाळणी पार करून निवडलेला हमाल. इमर्जन्सीच्या दिवशी तो रक्त काढतो, स्वतःच लॅबला पोचवतो, रिपोर्टमागे धावतो, एक्स-रेसाठी ट्रॉली ढकलतो. वॉर्डातले मामा सापडलेच तर एक हात लावतात. सकाळी राउंडला सर विचारतात, "पोटॅशियम किती?" पेशंटचं विचारलंय, आपलं नाही, हे त्याला अजून कळतं, म्हणजे शुद्ध शाबूत आहे. मग ओपीडीत हाच मुलगा मधुमेहाच्या काकांना दरडावतो, "वेळेवर जेवा, सात तास झोपा!" काका भिडस्त, म्हणून हसत नाहीत.

तीन वर्षांनी तो एमडी होईल आणि पेंगणाऱ्या ज्युनियरला ऐकवेल, "आमच्या वेळी झोप हा प्रकारच नव्हता."