वटवाघळांची मैफल

संगणकातले गाणे साध्या वायरने स्पीकरपर्यंत नेणाऱ्या अडाण्यांचा काळ संपला, हे फार बरे झाले. सीडी सेकंदाला 44,100 नमुने घेई. माणसाला ऐकू येणारे 20,000 हर्ट्झपर्यंतचे सारे त्यात मावे, आणि लोक तेवढ्यावर खूश असत! आता 1,92,000 नमुने, 24 बिट, आकड्यांचा आवाज करणारा स्वतंत्र डॅक आणि चांदीचा मुलामा दिलेली यूएसबी केबल. केबलमधून शून्य आणि एकच जातात, हे मान्य. पण चांदीतून आलेले शून्य अधिक भरीव असते.

वयाबरोबर कानाची वरची मर्यादा घसरते. असली यंत्रणा परवडण्याचे वयही नेमके तेच. म्हणून 20,000 च्या वरचे काही वाया जाऊ नये यासाठी सुजाण रसिकांनी दिवाणखान्यात वटवाघळे पाळावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. सोसायटीने हरकत घेऊ नये.

एका स्नेह्यांनी मोठ्या अगत्याने ही यंत्रणा ऐकवली. लावली होती अब्दुल करीम खाँसाहेबांची 78 फेऱ्यांची तबकडी, अर्थातच 24 बिटांत उतरवलेली. खाँसाहेब होते तसेच होते. सुईची खरखर मात्र अप्रतिम! कण न् कण सुटा. स्नेह्यांनी डोळे मिटून तिलाच दाद दिली.