पर्णरंग, कळसूबाई आणि बुटाचा तळ

समशीतोष्ण प्रदेशात शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागला की पानझडी वृक्षांच्या पानांतील हरितद्रव्य, म्हणजे पानाला हिरवेपणा देणारे द्रव्य, नाहीसे होते, त्याखाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि मेपलसारख्या काही वृक्षांत तांबडे रंगद्रव्य नव्याने तयार होते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात हा सोहळा पाहण्यासाठी वयस्कर मंडळीही डोंगर चढतात, आणि तिकडे नांदणाऱ्या मुली त्याची छायाचित्रे शेवगावच्या आईवडिलांना न चुकता धाडतात. शेवगाव पडले पर्जन्यछायेत. तेथे शरदातला पाहण्याजोगा रंग एकच, फुटलेल्या कपाशीच्या बोंडांचा पांढरा. तथापि सेवानिवृत्त माणसाचा स्वाभिमान चित्रांनी लवकर दुखावतो, म्हणून प्रस्तुत लेखकाने गुडघे, रक्तदाब आणि सौभाग्यवती या तिघांचीही संमती गृहीत धरून कळसूबाईचा बेत आखला.

कळसूबाई (उंची १६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर अकोले तालुक्यात, म्हणजे शेवगावच्याच जिल्ह्यात आहे; मात्र हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असल्याने ‘जिल्ह्यातल्या जिल्ह्यात’ जाण्यासाठीही मध्यरात्री उठावे लागते. नवरात्रातील जत्रेची गर्दी टाळण्यासाठी पितृपंधरवडा निवडला गेला, कारण त्या काळात शुभकार्ये नसल्याने भाड्याची जीप स्वस्त मिळते.

पायथ्याच्या बारी गावातून चढणीस आरंभ झाला, आणि पहिल्या लोखंडी शिडीच्या अलीकडेच उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटून प्रत्येक पावलास ‘फटक्’ असे बोलू लागला. हे बूट मुलीने धाडलेले व ‘चांगल्या प्रसंगासाठी’ खोक्यात जपलेले होते. येथे हे नमूद करणे आवश्यक आहे की पॉलियुरेथेनचे तळ न वापरताही कुजतात: हवेतील ओलावा त्यातील रासायनिक बंध तोडतो, या क्रियेस जलअपघटन म्हणतात, आणि परिणामी जितके जपावे तितके ते बूट ऐन प्रसंगी दगा देतात. प्रथम नाडी, मग रुमाल, मग जीपवाल्याकडची सुतळी असे उपचार झाले. सुतळी दगडावर घासून तुटली, रुमाल चिखलात राहिला आणि नाडी काढल्यामुळे उरलेला बूटही पायातून निसटू लागला. मागून येणाऱ्या तरुणांनी कर्ण्यावर लावलेल्या गाण्याचा ठेका व तळाचा ठेका काही काळ जुळत होता, ही बाब लेखकास अजिबात विनोदी वाटली नाही.

अखेर डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन रबरी चपलेत चढणाऱ्या, लिंबू सरबत विकणाऱ्या एका बाईंनी हंडा उतरवला, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बूट घोट्यापर्यंत करकचून बांधला आणि विचारले, “बाबा, घरी बसायचे बूट डोंगरावर कशाला आणले?” या प्रश्नास समाधानकारक उत्तर न सुचल्याने दोन पेले सरबत घेण्यात आले.

यापुढे लेखकाची दृष्टी बुटावरून हलली नाही, आणि त्यामुळेच सह्याद्रीचा शरद प्रथम दिसला. येथील झाडे आश्विनात हिरवीगारच असतात. त्यांची पानगळ पुढे शिशिरात सुरू होते आणि कुसुंबाची कोवळी पालवी लाल होते ती वसंतात. शरदाचा रंग येथे जमिनीलगत असतो: कातळाच्या भेगाभेगांतून वर आलेली पिवळी सोनकी, तिच्या आडोशाला गुलाबी तेरडा आणि कडेकडेने पिकू लागलेले गवत. शिखरावरून भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो; त्या दिवशी ढग दिसले.

उतरताना शिडीवर मात्र विनोद थांबला. पायरी दिसेना, पट्टी ओली होऊन घसरू लागली आणि हात थरथरू लागले, तेव्हा स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याचा एकदाही उल्लेख न करता सौभाग्यवती पुढे झाल्या, एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने त्यांनी लेखकाचे पाऊल प्रत्येक पायरीवर टेकवले आणि लहान मुलाला शिकवावे तशा म्हणत राहिल्या, “हं, उजवा. आता डावा. घाई नको, अहो, मी आहे.” वरच्या बाजूस खोळंबलेल्या तरुणांनी गाणे बंद केले होते.

परतीच्या वाटेवर संगमनेरला चहासाठी जीपमधून उतरताच डाव्या बुटाचाही तळ रस्त्यावर राहिला. सौभाग्यवतींनी तो उचलून नीट पाहिला व म्हणाल्या, “बरं झालं, जोडी झाली.”