दहा लाखांची तटबंदी

१९७३च्या ‘फेरा’ कायद्याने परदेशी भांडवलाला साधारण ४० टक्क्यांची वेस घातली. १९७७ साली कोका-कोलाने गाशा गुंडाळला; १९९३ साली परत येऊन ‘थम्स अप’ही विकत घेतलं. असो.

२०१२ साली परदेशी किराणा दुकानांना ५१ टक्के मालकीची मुभा मिळाली, पण दुकान दहा लाखांवर वस्तीच्या शहरातच. हिंगोली शहर २०११च्या जनगणनेत लाखाच्याही आत. आमचे शेटजी निर्धास्त! फळीवरचा लक्स आणि कोलगेट कुणाच्या मालकीचे, हे कशाला विचारायचं? २०१८ साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. मोबाइलला लोकसंख्येची अट नाही. आता गिऱ्हाईक पार्सल रोखीने सोडवतं आणि येता येता शेटजींकडून किलोभर साखर उधारीवर नेतं.