आप्पांचा डबा

खोपोलीजवळच्या ढेकू-साजगावच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांच्या आडोशाने जी पत्र्याची वर्कशॉपं आहेत, त्यांतल्या कुठल्याही एकात शिरा, आत एक आप्पा भेटतातच. कानावर पेन्सिल, खिशात व्हर्नियर, आणि नवी वस्तू दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "हीच जुनी कितीला पडंल?"

आप्पांनी जुन्या मिलिंग मशीनला मोटारी बसवून ते सीएनसी केलंय. ते चालवणारा कॉम्प्युटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेला. पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, आणि पोट सुटलेला मॉनिटर. हाच आप्पांचा डबा. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीवरून हात झटकले, हे कुणीतरी आप्पांच्या कानावर घातलं. आप्पा म्हणाले, "झटकू दे. आपण कुठं त्यांना फोन करत होतो?"

सकाळी उदबत्ती मशीनला, मग बटण डब्याला. एकदाच 'टूं' वाजलं तर दिवस बरा. लांब, थांबून थांबून कोकलायला लागला की आप्पा बाजूचं झाकण काढतात (स्क्रू केव्हाच हरवलेत), रॅम उपसतात, पोरीच्या कंपासमधल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासतात आणि परत ठोकून बसवतात. डबा सुरू! आयटीआय झालेला पोरगा हे सगळं श्रद्धेने बघतो. अभ्यासक्रमात हा धडा नसतो.

आतला बटणाएवढा सेल मेल्यामुळे रोज सकाळी डब्यात १ जानेवारी २००३ उगवतो. सेल किरकोळ किमतीचा, पण "तारखेनं काय लोखंड कापायचंय?" या मुद्द्यावर खरेदी अडलीय. चलनंही त्याच डब्यावरून निघतात. देशात जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. आप्पांच्या चलनांवर तो २००३ पासूनच लागू आहे.

पुण्याचा इंजिनिअर भाचा एकदा पातळसा लॅपटॉप घेऊन आला. "मामा, हा डबा फेका आता." आप्पांनी लॅपटॉप उलटापालटा केला, चारही कडा चाचपल्या. "पंचवीस भोकांचं कुठाय?" भाचा गप्प. ते म्हणजे पॅरलल पोर्ट, एकेकाळी ज्याला प्रिंटर जोडत ते. मशीनवरचा मॅक थ्री प्रोग्राम त्यातूनच मोटारींना सेकंदाला हजारोंनी ठोके पाठवतो. ठोका चुकला की जॉब गेला. लॅपटॉपला हे पोर्ट नाही, वर वीज वाचवायला मधेच डुलकी काढायची खोड. आणि ६४ बिटांच्या नव्या विंडोजवर मॅक थ्री या पोर्टातून मशीन हाकूच शकत नाही. म्हणजे चिकटपणापायी घेतलेला डबा कामालाही बिनचूक निघाला. आप्पा मात्र सगळ्यांना सांगतात, की आपण ते आधीच ओळखलं होतं.

डब्याचा खरा वैरी व्हायरस नव्हे, लोखंडाचा बारीक कीस. तो बोर्डावर बसला, त्याला पावसाळ्यातली ओल मिळाली, की शॉर्ट झालाच. म्हणून डबा पत्र्याच्या कपाटात, दाराला रबरी पट्टी, हवेच्या जाळीवर फोमचा तुकडा. कॉम्प्रेसरची हवा मारायला मनाई. तिच्यात पाणी असतं, तेल असतं. वाइंडिंग करणाऱ्या शेजाऱ्याने एकदा पाइप लावून पंखा भिंगरीसारखा फिरवला, तर आप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

व्हायरसलाही वाट बंदच. इंटरनेट नाही. पेन ड्राइव्ह एकच, किल्ल्यांच्या जुडग्यात बांधलेला. कार्तिकी एकादशीला साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, सुक्या मासळीचा बाजार लागतो आणि आप्पांकडे पाहुण्यांची रीघ. त्यातल्या एकाने "लग्नाचे फोटो बघू" म्हणत खिशातून स्वतःचा ड्राइव्ह काढला. आप्पांनी त्याच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी दिली आणि थेट खोपोलीच्या गाडीत बसवलं. खंडेनवमीला मात्र त्याच डब्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि दिवसभर सुट्टी. कामगारांना ती अर्धाच दिवस.

पोरगं अलीकडे म्हणतं, "आप्पा, हा मेला तर?" आप्पा उत्तर देत नाहीत, माळ्याकडे बोट दाखवतात. तिथे गोणपाटाखाली असेच तीन डबे आहेत. चौथा हवाय. तेव्हा तुमच्या घरी पलंगाखाली जुना कॉम्प्युटर धूळ खात असेल तर भंगारात घालण्याआधी त्याची पाठ बघा. पंचवीस भोकं असली तर साजगावात आणून द्या. आप्पा चहा पाजतील. पैशांचं मात्र विचारू नका.