बँडचं नाव आधीच कुणी घेतलं असेल तर

बँडला नाव ठेवणं सोपं. ज्यांनी ते आधीच ठेवलंय त्यांनी आपल्याला नावं ठेवू नयेत, हे अवघड. तीन-चार पोरं जमली की पहिल्या रात्री नाव ठरतं, मग गाणी, आणि सुरात वाजवायचं सवडीने. तेव्हा या सूचना त्या पहिल्या रात्रीच वाचून ठेवाव्यात.

नाव ऐकताक्षणी भारदस्त वाटलं, तर ते गेलेलं आहे असं खुशाल समजावं. १९६५ साली एक टोळकं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि दुसरं न्यूयॉर्कमध्ये, दोन्ही ‘द वॉरलॉक्स’ म्हणवून घेत होती. दोघांनीही ते नाव सोडलं. पहिल्यांनी शब्दकोश उघडला, त्यात ‘ग्रेटफुल डेड’ सापडलं. दुसऱ्यांच्या मित्राला रस्त्यात एक पुस्तक पडलेलं मिळालं, त्याच्या मुखपृष्ठावर ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ होतं. सबब, घरात शब्दकोश नसल्यास खाली बघून चालावं.

नाव सोडवत नसेल तर शेपूट लावावं. ‘डायनोसॉर’ला साठच्या दशकातल्या बुजुर्गांच्या ‘द डायनोसॉर्स’ने हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मुकाट ‘ज्युनियर’ लावलं. आयर्लंडमध्ये एक ‘ब्लिंक’ आधीच होता, म्हणून कॅलिफोर्नियातला ‘ब्लिंक-१८२’ झाला. हा आकडा आला कुठून, याच्या त्या मंडळींनी इतक्या कथा सांगितल्या आहेत की आता खरी सांगितली तरी कुणी ऐकणार नाही. (हे धोरण उत्तम. मुलाखतीत विषय कमी पडत नाहीत.) बर्मिंगहॅमच्या स्का वाजवणाऱ्या ‘द बीट’ला अमेरिकेत ‘द इंग्लिश बीट’ व्हावं लागलं, कारण लॉस एंजेलिसमध्ये पॉल कॉलिन्सचा ‘द बीट’ होता, ऑस्ट्रेलियात तेच ‘द ब्रिटिश बीट’. अशा वेळी टी-शर्ट छापणाऱ्याकडून आधी देशाचं नाव वदवून घ्यावं.

‘आदरापोटी घेतलं हो’ हा बचाव फार टिकत नाही. मँचेस्टरच्या दोन डीजेंनी अमेरिकन निर्माते ‘डस्ट ब्रदर्स’ यांचं नाव कौतुकाने लावलं होतं. नाव गाजू लागताच मूळ बंधूंनी डोळे वटारले आणि १९९५मध्ये हे ‘केमिकल ब्रदर्स’ झाले.

आता प्रगत अभ्यासक्रम. २०२०च्या जूनमध्ये ‘लेडी अँटिबेलम’ या कंट्री त्रिकुटाला आपलं नाव गुलामगिरीच्या काळाची आठवण देतं याची उपरती झाली. स्तुत्यच. त्यांनी ते छाटून ‘लेडी ए’ केलं. सिअ‍ॅटलमध्ये अनिता व्हाइट ही कृष्णवर्णीय ब्लूज गायिका कित्येक वर्षं याच नावाने गात होती. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सन्मानार्थ नाव टाकलं आणि एका कृष्णवर्णीय बाईचं उचललं! बोलणी फिसकटली, आणि जुलैत कोर्टाची पायरी आधी चढलं ते त्रिकूटच: चाहते आम्हाला पूर्वीपासून हेच म्हणतात, ट्रेडमार्कही आमचाच. बाईंनी उलट दावा ठोकला. २०२२मध्ये प्रकरण मिटलं, अटी गुलदस्त्यात. यातून होतकरूंनी घ्यायचं ते एवढंच, की पश्चात्ताप करण्यापूर्वी निदान गूगल करावं.

आधीचे तुम्हीच असाल आणि नंतरचे जगभर गाजले, तर? लंडनच्या ‘निर्वाणा’ने १९६७मध्ये व्हायोलिनबियोलिन घालून नाजूक, स्वप्नाळू पॉपचा अल्बम काढला होता. पुढे वॉशिंग्टन राज्यातून कर्ट कोबेनचा ‘निर्वाणा’ गिटारी आदळत आला आणि १९९१च्या ‘नेव्हरमाइंड’नंतर लंडनवाल्यांना कुणी ओळखेना. त्यांनी कॅलिफोर्नियात दावा लावला, कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि नाव दोघांकडेही राहिलं. एवढ्यावर गप्प बसते तर ते कलावंत कसले? १९९६च्या अल्बमात त्यांनी कोबेनचं ‘लिथियम’ चक्क आपल्या ढंगात गायलं. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी, समोरच्यांचं एखादं गाणं आपल्या गायकाच्या पट्टीत बसतंय का, हे पेटीवर तपासून घ्यावं.