मत गुप्त, गल्ली उघडी

ग्वाल्हेर-चंबळच्या मतदाराला धमकावणे हे एकेकाळी फार खर्चाचे काम होते. बंदूक लागे, काडतुसे लागत, बीहडातून गावात फर्मान घेऊन येणारा भरवशाचा माणूस लागे आणि वर त्याच्या जेवणाचीही सोय पाहावी लागे. आता हा व्याप उरलेला नाही. लोकशाही पुढे जाते ती अशी.

बंदुकीचा शौक मात्र गेलेला नाही. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्यांना आधी दहा झाडे लावा आणि झाडांसोबत सेल्फी काढून आणा, असे सांगितले. कुटुंबनियोजन आणि पर्यावरण ही दोन्ही राष्ट्रकार्ये बंदुकीच्या जोरावर तडीस नेऊ पाहणारा दुसरा मुलूख आम्हाला ठाऊक नाही. आचारसंहिता लागली की याच बंदुका ठाण्यात जमा होतात. ऐन लग्नसराईत जमा करा म्हटले असते तर दंगल झाली असती. निवडणुकीसाठी मात्र लोक निमूट रांग लावतात. मतदानापेक्षा वरात महत्त्वाची, हे ज्याला कळले त्याला चंबळ कळली.

बंदुका जमा करूनही भागेना, तेव्हा भिंडच्या प्रशासनाने पुढची पायरी गाठली. अलीकडच्या निवडणुकांत तिथे मतदानाच्या दिवशी उमेदवारच नजरबंद होतात. वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांना पोलिसांच्या देखरेखीखाली बसवून ठेवले जाते. ज्यांच्यातला एक पुढची पाच वर्षे मोकाट सुटणारच आहे, त्यांना निदान एक दिवस आवरून धरावे, हा हेतू स्तुत्यच म्हटला पाहिजे.

यंत्रानेही हातभार लावला. कागदी मतपत्रिकांच्या काळात चार धटिंगण केंद्रात शिरत आणि अर्ध्या तासात गठ्ठ्यांवर शिक्के मारून बाहेर पडत. मतदान यंत्र मिनिटाला चार-पाच मतांहून अधिक घेतच नाही. सरकारी यंत्र, सरकारी गती! या गतीपुढे धटिंगणांचाही धीर सुटला. संसदेच्या दुरुस्तीने १९८९ पासून बूथ बळकावण्याला जी शिक्षा लागू झाली, तिच्याइतकेच काम या संथपणाने केले असावे.

तरी जुन्या घराण्यांतल्या रीती एकदम सुटत नाहीत. १७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा मुरैनाच्या दिमनी मतदारसंघात मिरघानला दगडफेक झाली. भिंडच्या अटेर मतदारसंघात किशूपुराच्या ७१ क्रमांकाच्या केंद्रावर तर मतदानाचे चित्रीकरणच बाहेर आले. गुप्तता भंगली म्हणून २१ नोव्हेंबरला तिथे फेरमतदान घ्यावे लागले. तर्जनीवर आधीची शाई होती, म्हणून या वेळी मधले बोट. मतदाराने एकूण व्यवस्थेला मधले बोट दाखवावे आणि तेही आयोगाच्या हुकमाने, असा योग क्वचित येतो.

पण ही सगळी जुन्या वळणाची माणसे. आधुनिक धाक मतदानाच्या दिवशी दाखवावा लागत नाही. तो मोजणीनंतर दाखवतात.

तुमचे मत गुप्त असते. तुमच्या बूथचे नसते. आयोग नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली, ते उमेदवारवार जाहीर करतो. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चार-दोन गल्ल्या. मग निकालानंतर कोणी कार्यकर्ता बाड्यावर भेटतो, गजक पुढे करतो आणि हळूच म्हणतो, “भाईसाहब, आपकी गली से तो बस चालीस निकले!” आवाज चढत नाही, गावठी कट्टा निघत नाही. पुढे कधीतरी गल्लीतला दिवा जातो, नळाची धार बारीक होते, नालीची सफाई लांबते. योगायोगाला भारतीय न्याय संहितेत शिक्षा नाही.

एप्रिल २०१९ मध्ये मेनका गांधींनी हा हिशेब मोकळेपणाने मांडला होता. ८० टक्के मते देणारे गाव ‘ए’, ६० टक्क्यांचे ‘बी’, ५० टक्क्यांचे ‘सी’ आणि त्याखालचे ‘डी’. कामे याच क्रमाने. त्यांच्यावर टीका झाली, ती उगाच. बाकीचे पुढारी हीच गुणपत्रिका खिशात ठेवतात. त्यांनी ती फळ्यावर लिहिली, इतकेच.

यावर औषध नाही असे नाही. मतपत्रिकांच्या काळात नियमच होता: मतदारांना धमकावण्याची किंवा त्यांच्यावर सूड उगवण्याची भीती असेल, तर आयोगाने सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायला लावाव्यात. यंत्रे आली आणि मिसळणे थांबले. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ आणावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये दिला. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. बूथवार आकडे कळले तर आपल्याला कुठे कमी मते पडली ते पक्षांना समजते आणि तिथे ते जास्त काम करतात, असा सरकारचा युक्तिवाद. म्हणजे मत न देणाऱ्या गल्लीत आधी रस्ता होतो! ही गल्ली कुठे आहे ते कळले असते, तर आम्ही तिथेच भाड्याने खोली घेतली असती.

सगळा दोष पुढाऱ्यांवर टाकून मोकळे होण्याची सोय मात्र नाही. गल्लीचा हिशेब लावण्यात आम्ही लष्करकर त्यांच्याही पुढे आहोत. २०१८ मध्ये ग्वाल्हेर दक्षिणची जागा अवघ्या १२१ मतांनी फिरली. १२१ मते म्हणजे लग्नातली एक पंगत. तेव्हापासून हरलेल्यांचे समर्थक १२१ फितुरांच्या शोधात आहेत; आतापर्यंत पाचेकशे तरी सापडले असतील. कोण कोणाकडे चहाला जातो, कोणाच्या गच्चीवर कोणता झेंडा नव्हता, याची नोंद ठेवायला आयोगाचे निरीक्षक लागत नाहीत.

गंमत अशी की ज्यांच्यासाठी आम्ही एकमेकांची तोंडे पाहत नाही, त्यांना पक्षांचे सोयरसुतक नाही. शिंदे घराण्याच्या राजमाता विजयाराजे भाजपमध्ये असताना त्यांचे पुत्र माधवराव काँग्रेसचे उमेदवार झाले आणि १९८४ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरच्याच अटलबिहारी वाजपेयींना ग्वाल्हेरमध्ये हरवले. मार्च २०२० मध्ये नातू ज्योतिरादित्य काँग्रेस सोडून आजीच्या पक्षात गेले. महालाने पक्ष बदलला, महालात कोणी जेवण सोडले नाही. इकडे आमच्याकडे मात्र दोन सख्खे भाऊ गणपतीच्या आरतीला वेगवेगळ्या पाळ्यांत येतात. बरे, २०२० नंतर ते दोघे एकाच पक्षात आहेत. पण भांडण जुने, ते कसे सोडायचे?

मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मीटरची मर्यादा नाही. तिथे अमक्याला मत म्हणजे देशद्रोह आणि तमक्याला मत म्हणजे धर्मद्रोह, असा निकाल पहाटेच्या सुप्रभातासोबत लागतो. दैवी कोपाची भीती घालून मत वळवणे हा कायद्याने गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण फिर्याद कोणावर करणार? आत्याबाईंवर?

तेव्हा लष्करकरांनो, पुढच्या वेळी मत कोणाला दिले असे कोणी विचारले, मग तो कार्यकर्ता असो, काका असो की जावई, “दिले” एवढेच सांगा. आणि उमेदवार हात जोडून दारात आला की त्याला एकच विचारा: सगळ्या बूथांची मते मिसळून मोजायला तुमची तयारी आहे का? जो “हो” म्हणेल त्याचा पक्ष पाहू नका. जो आधी तुमच्या बूथचा नंबर विचारेल, त्याला घराचा पत्ताही सांगू नका.