सगळ्यांचं एकच

चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालात की मूल घ्या, सावली घ्या, तहसील कचेरीच्या आसपास ऑनलाइन अर्ज भरून देणारी दोन-चार दुकानं दिसतातच. त्यातल्या एका दुकानात गर्दी कमी आणि आवाज जास्त असतो. तिथे आमचे सर बसतात. सातबारा काढायला गेलेला माणूस तिथून तासाभराने बाहेर पडतो. हातात सातबारा नसतो. पण ग्नोम हा डेस्कटॉप १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या दोन पोरांनी सुरू केला, हे त्याला पाठ झालेलं असतं.

सरांचं दुःख एकच. या डेस्कटॉपवर जो तो प्रोग्रॅम आपली चूल वेगळी मांडतो. पत्त्यांचा साठा एकीकडे, फोटोंचा दुसरीकडे, गाण्यांचा तिसरीकडे. बऱ्याच जणांच्या पोटात एसक्यूलाइटच असतं. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस एका फायलीत मावतो. पण त्याच्याशी बोलायचा कोड ज्याने त्याने आपापला लिहिलेला.

"एकच काम सात जणांनी करायचं अन् सात जागी चुकायचं! काऊन जी?"

सरांचा उतारा तयार असतो: लिबजीडीए. प्रोग्रॅमने फक्त या लायब्ररीशी बोलायचं. खाली एसक्यूलाइट आहे, मायएसक्यूएल आहे की पोस्टग्रेस, ते तिचं तिने पाहून घ्यायचं. ही लायब्ररी डेस्कटॉपच्या पायातच घातली की संपलं.

"पोस्टात जाऊन आली जी मी," तेंदूच्या बोनसची चौकशी करायला आलेली मावशी म्हणते. "ते म्हणतात, बँकेत पाहा."

सर तिच्याकडे दुर्लक्ष करून तलावावर येतात. ते तलावावर येणार हे बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. "आपले मालगुजारी तलाव पाहा. ज्याने त्याने आपल्या बांधीत विहीर खणली का? एक तलाव, त्याला पाट, अन् गावभर धान!"

बाकावर एक निवृत्त तलाठी असतात. ते तंबाखू मळत म्हणतात, "मालगुजारी गेली १९५१ ला. तलाव सरकारजमा झाले. त्याच्यानंतर पाळीवर माती टाकायला कोण जाऊन रायलं, सर?"

"तो प्रशासनाचा प्रश्न आहे," सर म्हणतात.

खरं तर सगळं घोडं तिथेच पेंड खातं. साऱ्यांनी एका लायब्ररीवर भार टाकायचा, तर तिची डागडुजी करणारा कोणीतरी कायमचा हवा. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. लायब्ररी मागे पडली की तिच्यावर विसंबलेले सगळेच अडकतात. तिच्यातला एक दोष सगळ्यांचा दोष होतो. शिवाय चार फोटो लावून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला तीन तऱ्हेच्या डेटाबेसशी बोलता येऊन करायचं काय? केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी टपाल, पत्ते आणि कॅलेंडर अकोनाडी नावाच्या सामायिक कोठारात नेलं. त्या कोठारासाठी ज्याच्या त्याच्या संगणकावर मायएसक्यूएलचा सर्व्हर चालू राहू लागला आणि जुनी यंत्रं वापरणाऱ्यांनी बोटं मोडली.

हे सरांच्या कानावर घातलं की ते शांतपणे म्हणतात, "त्यांनी आपल्याला विचारलंच नाही."

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात सूचना करणाऱ्याला एक ठरलेलं उत्तर मिळतं: कल्पना चांगली आहे, कोड लिहून द्या. यावर सरांचं म्हणणं असं, की आपण दिशा द्यायची. टंकायला पोरं आहेत.

इकडे दुकानाची उधारी चार ठिकाणी असते. थोडी कॅलेंडरच्या मागे, थोडी भिंतीवर पेन्सिलीने, थोडी मोबाइलमध्ये आणि उरलेली वहिनींच्या डोक्यात. पहिल्या तिन्हींचा मेळ कधी बसत नाही. म्हणून विचारणारा सरळ आतल्या दाराकडे तोंड करतो.

"वहिनी, माझे किती?"

"एकशेसाठ. मागे ऐंशी दिले ते झेरॉक्सचे होते, ते धरू नका."

हिशेब कुठे लिहिलाय, हे कोणी विचारत नाही. प्रश्न वहिनींना करायचा, उत्तर बरोबर येतं. सरांना जी व्यवस्था साऱ्या जगाच्या डेस्कटॉपवर हवी आहे ती त्यांच्या घरात लग्नापासून चालू आहे, डागडुजीसकट, बिनपगारी.

वहिनी दिवाळीला माहेरी ब्रह्मपुरीला गेल्या की आठ दिवस दुकानाला कुलूप असतं. दारावर सरांच्या अक्षरात पाटी लटकते: 'सर्व्हर डाउन आहे.'